दहाच्या आत रिमुस्की

आन्सेल्म बोद्रीने एकतीस वर्षं बसची वेळापत्रकं बनवली. त्या बस वेळेवर धावल्या का, हा प्रश्न वेगळा. तो चालकांचा विषय, असं त्याचं ठाम मत होतं. कागदावर मात्र त्याच्या एकाही बसला कधी एक मिनिट उशीर झाला नाही. तो निवृत्त झाला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. ते घड्याळ समारंभाला चाळीस मिनिटं उशिरा पोचलं, कारण आणणारा माणूस आन्सेल्मच्याच बसने आला होता. ही गोष्ट आन्सेल्म कुणाला सांगत नाही. सोलांज, म्हणजे त्याची बायको, सगळ्यांना सांगते.

तर डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मॉन्ट्रियलच्या त्या घरात फोन वाजला. पलीकडे रिमुस्कीहून बाबा. तेओफील बोद्री, वय वर्षं नव्वद, आवाज मात्र साठीतला.

"यंदा तू येणार आहेस, की तुझा फोटो येणार आहे?" बाबांनी विचारलं.

हा टोमणा समजायला मागचं थोडं सांगावं लागेल. बोद्रींच्या घरात नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी थोरल्या मुलाने वडिलांपुढे गुडघे टेकून सगळ्या घरासाठी आशीर्वाद मागायचा असतो. बाबांनी आपल्या वडिलांकडे तो असाच मागितला, आणि आन्सेल्मनेही वर्षानुवर्षं मागितला. पण गेली तीन वर्षं तो रिमुस्कीला गेलाच नव्हता. कॉम्प्युटर लावायचा, इथे बैठकीत गुडघे टेकायचे, तिथे बाबांनी पडद्याकडे बघून हात वर करायचा. गेल्या वर्षी आन्सेल्मने गुडघे टेकले, "बाबा" म्हणायला तोंड उघडलं, आणि पडद्यावर तो तसाच गोठला. बाबांनी त्या उघड्या तोंडाला आशीर्वाद दिला. धाकट्या लिओनेलने त्याचा फोटो काढून तिथल्या फ्रिजवर चिकटवला, आणि तो अजून तिथेच आहे.

"येणार म्हणजे काय, येणारच," आन्सेल्म म्हणाला.

"असं मागच्या वर्षीही म्हणाला होतास. हे बघ. एक तारखेला सकाळी दहाच्या आत तुझे खरे गुडघे माझ्यासमोर टेकले तर ठीक. नाहीतर लिओनेल मागेल."

लिओनेल अकरा महिन्यांनी धाकटा. आन्सेल्मच्या मते अकरा महिने म्हणजे चांगला लांबलचक काळ. लिओनेलच्या मते ती निव्वळ कागदोपत्री भानगड. आन्सेल्मचा कान लाल झाला. फोन ठेवून तो म्हणाला, "सोलांज, आपण गाडीने रिमुस्कीला जातोय."

"साडेपाचशे किलोमीटर? भर हिवाळ्यात? तू?" सोलांज विणकाम सोडून बघत राहिली. "बसने जाऊ ना."

"बसने? अगं, ती वेळापत्रकं मी बनवली आहेत!"

"म्हणून तर म्हणते. तुला पाठ असतील."

"मला पाठ आहेत म्हणूनच नको."

त्या रात्रीच कामाला सुरुवात झाली. निवृत्त माणसाच्या हाती एकदा कागद, पट्टी आणि चार रंगांच्या पेन्सिली लागल्या, की त्याला आवरणारं कुणी नसतं. २९ तारखेला सकाळी आठला प्रयाण. त्र्वा-रिव्हिएरला बहीण कोलोंबकडे मुक्काम. तीसला क्वेबेक, सोलांजच्या बहिणीकडे. एकतीसला दुपारी चार वाजता रिमुस्की. दोन थांब्यांमध्ये चहा, पेट्रोल आणि नैसर्गिक विधी: सोलांज सात मिनिटं, आन्सेल्म चार मिनिटं. शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'आनंद'. क्वेबेकच्या जुन्या गावातल्या रोषणाईसमोर त्या रकान्यात पंचवीस मिनिटं लिहिलेली होती.

"आनंद पंचवीस मिनिटांत उरकायचा?" सोलांजने विचारलं.

"उरकायचा नाही गं. तेवढा राखून ठेवलाय."

वेळापत्रकाच्या सहा प्रती काढून त्याने त्या प्लॅस्टिकमध्ये पक्क्या करून आणल्या. वाटेतल्या नातेवाइकांना टपालाने गेल्या. एक प्रत बाबांना गेली, एक मुद्दाम लिओनेलला.

आता अशी गोष्ट तीनमजली घरात लपून राहत नाही. त्या घराला बाहेरून लोखंडी जिना आहे, आणि जिन्यावर जे बोलाल ते तिन्ही मजल्यांवर पोचतं. तळमजल्यावर वालिकेत. पूर्वी ट्रक चालवायचे, आता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून जगाची वाहतूक चालवतात. वरच्या मजल्यावर देरोझिएबाई, ज्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही, पण बाजूला बसून मात्र भरपूर चालवलेली आहे.

"नदीच्या दक्षिण काठाने जा," वालिकेत म्हणाले. "सरळ रस्ता. डोळे मिटून जाल."

"डोळे मिटूनच जाल!" वरून बाईंचा आवाज आला. "वारा सुटला की त्या काठावर स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. बोद्री, तुम्ही उत्तर काठ धरा."

"उत्तर काठाला बघायला काय आहे? झाडं!"

"आणि तुमच्या काठाला काय आहे? शेतं! तीही पांढरी!"

नदी एकच, पण तिच्या दोन काठांवरून हे दोघे गेली सतरा वर्षं भांडतायत. दोघांनाही कुठे जायचं नसतं, हा भाग निराळा. आन्सेल्मने मुत्सद्दीपणा केला. त्र्वा-रिव्हिएर, क्वेबेकपर्यंत उत्तर काठ आणि पुढे दक्षिण. त्यामुळे दोघेही सारखेच नाराज झाले आणि दोघांनीही सामान आणून दिलं. वालिकेतनी फावडं, दोर, मेणबत्त्या, पत्र्याचा डबा आणि मांजराच्या शौचाची रेती दिली.

"आमच्याकडे मांजर नाही," आन्सेल्म म्हणाला.

"चाकाखाली टाकायला हो! बर्फात चाक फिरलं की टाकायची. तुम्हाला एवढंही ठाऊक नाही आणि रिमुस्कीला निघालात?"

बाईंनी खिमा भरलेली एक तूर्तिएर दिली, गोठवलेली, जाडजूड, वरची पारी कडांनी चिमटून बंद केलेली. "रिमुस्कीत माझी धर्माची आई आहे, तिला द्या. सणाला तिला माझ्या हातचीच लागते." घ्यायला नाही म्हणायची सोय नव्हती.

अठ्ठावीसच्या रात्री बर्फ पडायला लागला आणि पहाटेपर्यंत चाळीस सेंटीमीटर साचला. साडेसहाला आन्सेल्म फावडं घेऊन खाली उतरला तेव्हा अख्ख्या गल्लीत एकही गाडी दिसत नव्हती. एका रांगेत नुसते पांढरे उंचवटे. पण तो घाबरला नाही. गाडी दिव्याच्या खांबापासून तिसरी लावली होती, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. त्याने तिसरा ढिगारा गाठला आणि उपसायला घेतला.

एवढं मन लावून त्याने आयुष्यात काही उपसलं नव्हतं. लिओनेल त्याला नेहमी विचारायचा, "दादा, फावडं कुठल्या बाजूने धरतात ते माहीत आहे ना?" त्या प्रत्येक टोमण्याचा एक एक फावडाभर बर्फ त्याने रस्त्याकडेला भिरकावला. नगरपालिकेचा बर्फ लोटणारा नांगर मध्येच येऊन गेला आणि जेवढा उपसला तेवढाच परत गाडीवर लोटून गेला. आन्सेल्मने दात खाल्ले आणि पुन्हा सुरुवात केली.

"कंबरेतून मारा, खांद्यातून नको!" ड्रेसिंग गाऊनमधले वालिकेत कॉफीचा कप हलवत ओरडले.

"त्यांचं ऐकू नका, त्यांची कंबर गेली आहे!" वरून बाई म्हणाल्या.

सव्वानऊला छप्पर दिसलं. करडं. आन्सेल्मची गाडी करडीच. नंबराची पाटी आमच्याकडे फक्त मागे असते, आणि मागचा भाग अजून बर्फाच्या भिंतीत. त्याने किल्लीचं बटण दाबलं. गाडी गप्प. किल्ली कुलपात घातली. फिरेना.

"कुलूप गोठलंय," वालिकेतनी निदान केलं. "फुंकर मारा."

त्याने फुंकर मारली. मग मिशा दाराला चिकटल्या म्हणून कोमट पाणी आणावं लागलं. मग बाईंनी वरून हेअर ड्रायर सोडला, वालिकेतनी स्वयंपाकघरातून वायर ओढली, आणि आन्सेल्म गुडघाभर बर्फात उभा राहून गाडीचं कुलूप वाळवू लागला. समोरच्या गॅलरीतही लोक जमले. कुणी गरम पाण्याच्या पिशवीचा उपाय सांगितला, कुणी दारूचा. दारूवर मात्र एकमत झालं, पण गाडीसाठी की माणसासाठी यावर नाही.

साडेनऊला सोलांज बॅगा घेऊन जिन्यावर आली. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"आन्सेल्म, आर्लेतच्या गाडीला हेअर ड्रायर कशाला लावलायस?"

नेमक्या त्याच क्षणी कोपऱ्यावरची नर्स आर्लेत स्कार्फ गुंडाळत आली, तिने आपली चकचकीत गाडी पाहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बोद्रीकाका! मी म्हणत होते आज ड्यूटीवर पोचत नाही. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत? कुलूपसुद्धा गरम करून ठेवलंत!" तिने त्याच्या दोन्ही गालांचे पापे घेतले, गाडी चालू केली आणि गेली. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या.

"सणासुदीचे दिवस आहेत," आन्सेल्म हेअर ड्रायर खाली ठेवत म्हणाला. "म्हटलं, कुणाच्या तरी उपयोगी पडावं."

"मिशीवरचा बर्फ पूस," सोलांज म्हणाली.

"आपली गाडी कुठाय?"

"काल संध्याकाळी, बर्फ उचलणाऱ्यांच्या 'गाडी लावू नका'वाल्या नारिंगी पाट्या आपल्या गल्लीत लागणार असं ऐकलं म्हणून मी पलीकडच्या गल्लीत हलवली, औषधाच्या दुकानासमोर. तुला सांगितलं होतं. तू 'हं' म्हणालास."

आन्सेल्मचा तो 'हं' सगळ्या घराला ठाऊक आहे. त्याचा अर्थ, मी ऐकलेलं नाही पण तू बोलणं थांबवलंस तर बरं होईल. दोघं पलीकडच्या गल्लीत गेले. औषधाच्या दुकानासमोर रस्ता आरशासारखा स्वच्छ होता. गाडी नव्हती. खांबावर नारिंगी पाटी होती, जी सोलांजने काल गाडी लावली तेव्हा तिथे नव्हती. सोलांजने ती दोनदा वाचली.

बर्फ उचलायला नगरपालिकेने गाड्या हलवल्या की विचारायचा एक नंबर असतो. आन्सेल्मने तो लावला आणि पाऊण तास नाताळची गाणी ऐकली. शेवटी एक गोड आवाजाची बाई आली.

"साहेब, गाडी हरवलेली नाही. फक्त हलवलेली आहे."

"कुठे?"

"जवळच."

"जवळच म्हणजे कुठे?"

"रस्त्यावर, साहेब." बाई अत्यंत शांत होती. "दुसऱ्या रस्त्यावर. नाव येतंय माझ्याकडे, जरा वेळ द्या."

"बाई, मी एकतीस वर्षं लोकांना वेळ दिलेली आहे!" आन्सेल्म गरजला. त्या वाक्याचा बाईवर काही परिणाम झाला नाही. ती पुन्हा त्याला गाण्यांवर सोडून गेली.

तीन वाजता, चार गल्ल्या पलीकडे, गाडी सापडली. बर्फाखालीच. या वेळी वालिकेतनी कुणाला फावडं लावू दिलं नाही. आधी स्वतः हाताने मागची पाटी उकरली, मोठ्याने नंबर वाचला, सोलांजकडून वदवून घेतला, मगच म्हणाले, "हं, चालू द्या."

संध्याकाळी आन्सेल्मने बाबांना फोन केला. "बाबा, जरा उशीर झालाय. उद्या सकाळी आठला निघतोय. एक मुक्काम गाळू, पण एकतीसला पोचतोच."

मग बाबा म्हणाले, "हं."

बोद्री घराण्याचा 'हं' कुठून आला हे सोलांजला तेव्हा कळलं.

तीस तारखेला ते निघाले. कोलोंबकडे जेवणाला पंचेचाळीस मिनिटं राखलेली होती. कोलोंबने तीन तास घेतले. तिने देरोझिएबाईंची तूर्तिएर उघडून हुंगली. "हा खिमा? याला तुम्ही मॉन्ट्रियलवाले तूर्तिएर म्हणता? तूर्तिएर म्हणजे मांसाचे तुकडे हवेत, बटाटा हवा, अख्खी रात्र भट्टीत हवी!" आणि आपल्या दोन दिल्या. सोलांजच्या बहिणीने क्वेबेकला तिन्हींना नाकं मुरडली आणि तिसऱ्याच प्रकारची एक दिली. गाडीत आता मागे बघायला आरसा होता, पण त्यात दिसायच्या त्या फक्त तूर्तिएर.

संध्याकाळी जुन्या गावात रोषणाई पाहायला गेले. उतारावरची दगडी घरं, खिडक्याखिडक्यांत दिवे, चौकात बर्फावर घसरणारी मुलं. उशिरामुळे आनंदाची पंचवीस मिनिटं अकरावर आली होती. आन्सेल्म सारखं घड्याळ बघत होता. सोलांजने त्याचा हात धरला, त्याने तोही घड्याळासाठी सोडवून घेतला. मग मात्र ती चिडली.

"तुला बाबांकडे जायचंय, की लिओनेलच्या आधी पोचायचंय? एकदा ठरव. मी गेले तीन आठवडे तुझ्या रकान्यांत राहतेय."

आन्सेल्म दिव्यांकडे बघत म्हणाला, "सोलांज, मला भीती वाटते."

"कशाची?"

"बर्फात गाडी चालवायची. साठी ओलांडल्यापासून वाटते. इंटरनेट सोयीचं पडतं वगैरे सगळी थाप होती. आणि बाबा नव्वदचे झाले. परवा फोनवर आवाज ऐकला तेव्हा वाटलं, अजून किती एक तारखा? तीन तर मी पडद्यावर घालवल्या." त्याने नाक पुसलं. "वेळापत्रक हातात असलं की भीती कमी वाटते, बाकी काही नाही."

सोलांज त्याला चिकटून उभी राहिली. अकरा मिनिटं कधीच उलटली होती, पण कुणीच सांगितलं नाही.

एकतीसला नदी ओलांडून ते दक्षिण काठाला लागले. दुपारपर्यंत ठीक होतं. मग देरोझिएबाईंचा वारा सुटला. शेतावरचा सगळा बर्फ आडवा होऊन रस्त्यावर धावायला लागला. आन्सेल्म ताशी वीसच्या वेगाने, नाक काचेला लावून, पुढच्या ट्रकचा एक लाल दिवा धरून जात राहिला. त्याने गाडी मात्र थांबवली नाही. शेवटी संध्याकाळी पाचला सँत-युफ्राझी नावाच्या गावाशी पोलिसाने काठी आडवी केली.

"पुढचा रस्ता बंद. मागचाही आता बंद करतोय. चर्चच्या तळघरात सोय आहे, तिकडे जा."

"मला सकाळी दहाच्या आत रिमुस्कीला पोचायचंय!"

"मलाही घरी जायचंय," पोलीस म्हणाला.

आन्सेल्मने बाबांच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलेना. मग लाज गिळून लिओनेलला लावला. लिओनेलने उचलला, पण मागे नुसता घोंगावणारा आवाज.

"दादा? बाबा? नाही, ते बोलणार नाहीत म्हणतात. तू कुठायस? काय? ऐकू येत नाही..." आणि फोन गेला. मग त्या रात्री कुणाचेच फोन लागले नाहीत.

"रागावलेत," आन्सेल्म म्हणाला. "लिओनेलला मागायला सांगितलं असणार." एवढं बोलून तो खुर्चीत बसला तो बसलाच.

तळघरात चाळीसेक माणसं अडकली होती. व्यवस्था बघणारी बाई सगळ्यांना पांघरुणं वाटत सांगत होती, "म्हातारी मंडळी दुपारीच आली, त्यांना शेजारच्या जुन्या मठात पलंग दिलेत. तुम्ही तरुणांनी इथे जमिनीवर भागवा." बासष्ट वर्षांच्या आन्सेल्मला एरवी हे ऐकून केवढा आनंद झाला असता. सोलांजने गाडीतून साऱ्या तूर्तिएर आणल्या. धर्माच्या आईचीही कापली. चाळीस माणसांनी ताव मारला, आणि खरी तूर्तिएर कुठली यावर जी भांडणं झाली त्यात वर्ष कधी बदललं ते कळलं नाही.

एक तारखेला सकाळी आन्सेल्म साडेआठला बाहेर पडला. वारा पडला होता, ऊन लख्ख होतं, आणि चर्चसमोरच्या मैदानात पुन्हा तेच, ओळीने पांढरे ढिगारे. रिमुस्की अजून जवळजवळ दोनशे किलोमीटर होतं. दहाच्या आत पोचणं शक्य नाही, हे वेळापत्रक बनवणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. तरी त्याने फावडं उचललं. काल गाडी भिंतीलगत चौथी लावली होती. त्याने मागची पाटी उकरायला घेतली, पण मागे भिंतच होती. मग पुढून सुरू केलं.

तासभर तो एकटाच उपसत होता. हळूहळू इतर लोकही फावडी घेऊन आपापल्या ढिगाऱ्यांशी आले. तळघराच्या दारातून सोलांजने हाक मारली, "आन्सेल्म, नक्की आपलीच ना?"

"आपलीच!" तो ओरडला, आणि हाताने पुढच्या काचेवरचा बर्फ सारला.

काचेच्या आत, समोरच, प्लॅस्टिकमध्ये पक्कं केलेलं त्याचं वेळापत्रक होतं. चार रंग, सगळे रकाने. त्याला हायसं वाटलं. मग दिसलं, की त्यावर कुणीतरी जाड लाल पेनाने काट मारून खाली लिहिलंय: 'हा अडकणार.' अक्षर वाकडंतिकडं, थरथरतं. आन्सेल्मच्या प्रतीवर असं काही लिहिलेलं नव्हतं. आणि आन्सेल्मच्या गाडीत आरशाला मेरीमातेची माळ टांगलेली नव्हती.

तो माळेकडे बघत राहिला. ती माळ त्याच्या आईची होती.

"सोलांज," तो पुटपुटला.

"तू माझी गाडी काढतोयस हे फार बरं केलंस," मागून आवाज आला. "लिओनेलची सकाळी कंबर धरली."

वळून बघतो तर मठाच्या दारात बाबा. डोक्यावर लोकरीची टोपी, एका हाताला काठी आणि दुसऱ्या हाताला लिओनेल, जो खरोखरच कंबर धरून उभा होता.

"बाबा, तुम्ही इथे? कसे?"

"तू उद्या आठला निघतो म्हणालास, तेव्हाच ओळखलं. एकतीस वर्षं मी तुझ्या बसची वाट बघितलीय पोरा. म्हटलं, हा काही पोचत नाही, आपणच निघावं. लिओनेलच्या त्या गाडीत चढायला शिडी लागते, म्हणून माझी काढली."

"मला फोनवर सांगू देत नव्हते," लिओनेल कण्हत म्हणाला. "म्हणे सांगितलंस तर तो वेळापत्रक बदलेल. अन् कालपासून पन्नासदा विचारलंय, आन्सेल्म कुठवर आला असेल."

बाबांनी काठीने चर्चच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दहाला बारा मिनिटं होती.

"मग? माझे पाय गारठतायत."

आन्सेल्मने फावडं ठेवलं आणि तिथेच, अर्ध्या उकरलेल्या गाडीसमोर, बर्फात गुडघे टेकले. सोलांज धावत येऊन त्याच्या शेजारी टेकली. लिओनेलही कंबर सांभाळत मागे टेकला.

"बाबा," आन्सेल्म म्हणाला, आणि या वेळी पुढचं आलं, अडखळत का होईना. "आम्हाला सगळ्यांना आशीर्वाद द्या. मी तीन वर्षं आलो नाही. मला भीती वाटत होती."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तू लहानपणीही बर्फात घाबरायचास. लिओनेलला पुढे करायचास."

त्यांनी हात वर केला आणि तसाच थांबवला. मैदानात फावड्यांचे आवाज बंद झाले होते. एक ट्रकवाला गुडघ्यावर आला होता. त्याच्यामागे दोन बायका, मग एक जोडपं, मग तो कालचा पोलीससुद्धा, टोपी काढून.

"ही मंडळी कोण?" बाबांनी हळूच विचारलं.

"यांचे बाबा लांब आहेत," सोलांज म्हणाली.

म्हाताऱ्याने हात होता त्याहून थोडा उंच नेला, म्हणजे मागच्यांपर्यंत पोचेल. काय म्हणाला ते कुणाला नीट ऐकू आलं नाही, कारण आन्सेल्म मोठ्याने रडत होता.

मग सगळे उठले. आन्सेल्मला उठता येईना. गुडघे गोठले होते. लिओनेल आणि ट्रकवाला दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. लिओनेलने त्याच्या कोटावरचा बर्फ झटकला, खाली पडलेलं फावडं उचललं आणि हसत विचारलं, "बरं, दादा, आता तुझी गाडी काढू. कुठली?"

आन्सेल्मने त्या पांढऱ्या ढिगाऱ्यांच्या रांगेकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"सोलांजला विचार," तो म्हणाला.